वाचक विचारतात : ऑफिसातल्या कुंड्यांचं करायचं काय?

मार्च उजाडला की सोलापुरात ऑफिसांच्या खिडक्या बंद होतात, एसी नाहीतर कूलर सुरू होतो आणि 'जरा झाडं ठेवू या' ही टूम निघते. यंदा अशी पत्रं एकदम आली. को-वर्किंगवाले, सीए, अभ्यासिकेतली मुलं, कारखान्यातले सुपरवायझर, सगळ्यांच्या तक्रारी निराळ्या आहेत. त्यांतली निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : होटगी रोडला पहिल्या मजल्यावर आमची एकत्र बसण्याची जागा आहे. साधारण हजार चौरस फूट, बावीस खुर्च्या, दोन स्प्लिट एसी. दुपारी तीननंतर डोकं जड होतं, जांभया येतात. मालक म्हणतात, पंधरा स्नेक प्लांट आणतो, ते रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतात, हवा शुद्ध होईल. खरंच होईल का?

नाही होणार. झाडं जरूर आणा, पण या कामासाठी नको.

हवा शुद्ध करणाऱ्या झाडांची गोष्ट नासाच्या 1989 च्या एका अभ्यासावरून पसरली. बी. सी. वोल्व्हर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद काचपेटीसारख्या छोट्या कक्षांत झाडं ठेवली आणि बेन्झीन, फॉर्मल्डिहाइड यांसारख्या वायूंचं प्रमाण घटताना नोंदवलं. अभ्यास खोटा नव्हता, पण तुमचं ऑफिस म्हणजे बंद पेटी नव्हे. दार उघडतं, फटींतून हवा येते-जाते, आणि ही ये-जा झाडापेक्षा कितीतरी पटींनी जास्त वायू बाहेर नेते. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या कमिंग्स आणि वॉरिंग यांनी 2019 साली असे जुने प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. साध्या वायुविजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला 10 ते 1,000 झाडं लागतील, असं त्यातून निघालं. तुमचे हजार चौरस फूट म्हणजे 93 चौरस मीटर. सगळ्यात कमी आकडा धरला तरी नऊशेच्या वर कुंड्या झाल्या. मग माणसं बसणार कुठे?

तुमचं डोकं जड होतं त्याचं कारण बहुधा दुसरंच आहे. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच हवा थंड करून फिरवतो. बसून काम करणारा माणूस तासाला साधारण 18 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. बावीस जणांचे झाले जवळपास 400 लिटर. तुमच्या खोलीत, छत दहा फुटांचं धरलं तर, 2,83,000 लिटर हवा मावते. सगळं घट्ट बंद असेल तर एका तासात या वायूचं प्रमाण हजार पीपीएमपेक्षा (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांतले भाग) जास्त चढेल. बाहेरच्या हवेत ते सव्वाचारशेच्या आसपास असतं. प्रत्यक्षात फटींमुळे ते इतकं झपाट्याने चढत नाही, पण जेवणानंतर हवा कोंदते ती यामुळेच. उपाय स्वस्त आहे. समोरासमोरच्या दोन खिडक्या दर दोन तासांनी दहा मिनिटं सताड उघडा, किंवा बारा इंची एक्झॉस्ट बसवून तो दर तासाला पंधरा मिनिटं चालवा. एक्झॉस्ट चालू असताना समोरच्या बाजूने हवा आत यायला फट हवी, नाहीतर पंखा नुसताच घरघरतो. मेच्या उन्हात खिडकी उघडल्यावर एसीला थोडं जास्त राबावं लागेल, तेवढं चालवून घ्या.

आता रात्रीच्या ऑक्सिजनचं. स्नेक प्लांट रात्री पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतं आणि साठवतं, हे खरं आहे. रखरखीत प्रदेशातल्या झाडाची पाणी वाचवायची ती युक्ती आहे. पण ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतो, त्यामुळे तो बाहेर पडतो दिवसाच. आणि रात्री तुमच्या ऑफिसात असतं तरी कोण?

मग झाडं कशाला ठेवायची? नजरेला विसावा म्हणून. 2014 साली ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या मोठ्या ऑफिसांत प्रत्यक्ष प्रयोग झाले. उघड्याबोडक्या मजल्यावर, बसल्या जागेवरून दिसतील अशी झाडं आणून ठेवली. लोकांनी सांगितलं की लक्ष जास्त लागतं, जागा आवडायला लागली, हवासुद्धा बरी वाटते. एका प्रयोगात कामाचा उरक सुमारे 15 टक्क्यांनी वाढलेला दिसला. 'हवा बरी वाटते' हा अनुभव खरा आहे. त्यासाठी हवा शुद्ध झालेलीच असते असं मात्र नाही. तेव्हा पंधरा कुंड्या एका भिंतीला रांगेत लावून उपयोग नाही. प्रत्येकाला मान न वळवता, स्क्रीनवरून नजर उचलली की एखादं तरी झाड दिसेल अशा विखरून ठेवा. मालकांना स्नेक प्लांटच हवं असेल तर हरकत नाही, पण सगळी उभी टोकदार पानं नकोत. अधेमधे अरेका किंवा रबर प्लांटसारखं भरगच्च झाड असू द्या.

प्रश्न : नवी पेठेत सीएचं ऑफिस आहे. खिडकी एकच, तीही बोळात उघडते. मनीप्लांट, पीस लिली, क्रोटन, सगळं तीन महिन्यांत मरतं. नर्सरीवाला म्हणतो, खत घाला.

खत घालू नका. अंधारातलं झाड खत वापरू शकत नाही. ते मातीत साचून मुळं जाळतं.

तुमच्याकडे उजेडच कमी आहे. लक्स हे उजेड मोजायचं माप. माणसाच्या डोळ्याला 300 लक्समध्ये वाचायला छान वाटतं, म्हणून खोली उजळ आहे असा आपला समज होतो. झाडाला ते संध्याकाळसारखं असतं. मोबाइलवर लक्स मोजायचं फुकट ॲप घ्या आणि सकाळी अकराला, कुंडी जिथे ठेवायची तिथे पानाच्या उंचीवर मोजा. ॲप काटेकोर नसतं, पण अंदाजाला पुरतं. 200 च्या खाली काहीच तग धरणार नाही, तिथे तसबीर लावा. 300 ते 500 मध्ये झेडझेड आणि स्नेक प्लांट जगतात, वाढत मात्र नाहीत. 500 ते 1,000 मध्ये मनीप्लांट, ॲग्लोनेमा, सिंगोनियम, पीस लिली चालतात. क्रोटनला याच्या कितीतरी पट उजेड लागतो, ते बोळातल्या ऑफिसात आणणं म्हणजे पैसे वाया घालवणं. खिडकीपासून दोन मीटर आत गेलं की उजेड झपाट्याने पडतो, हेही मोजताना दिसेल.

दोन मार्ग आहेत. पहिला दिव्याचा : 9 वॉटचा पांढरा एलईडी बल्ब, वर पत्र्याची शेड, पानांपासून दीड फुटावर, दिवसाला 12 तास. याने हजार लक्सच्या आसपास उजेड मिळतो. ॲपने तपासून उंची कमीजास्त करा. जांभळे 'ग्रो लाइट' लावू नका, त्या प्रकाशात बसून ताळेबंद तपासणाऱ्यांचे डोळे दुखतात. दुसरा मार्ग अदलाबदलीचा. प्रत्येक जागेसाठी दोन कुंड्या घ्या, एक आत आणि एक घरच्या किंवा इमारतीच्या गॅलरीत सावलीत. दर पंधरा दिवसांनी बदला. सावलीत म्हणजे सावलीतच. ऑफिसातून काढून थेट सोलापूरच्या उन्हात ठेवलेलं पान दोन तासांत पांढरं पडतं आणि ते पुन्हा हिरवं होत नाही.

आणि अंधारात पाणी निम्मं करा. तुमची झाडं बहुधा पाण्याअभावी मेली नाहीत. ओल्या मातीत मुळं कुजून मेली. मेलेली कुंडी उपटून पाहा : मुळं तपकिरी, बोटाने ओढताच साल निघते आणि वास येतो, तर कारण तेच.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत ऑफिस आहे, बोअरचं पाणी. स्पायडर प्लांट आणि ड्रासीनाच्या पानांची टोकं करपतात, मातीवर पांढरा थर येतो. आरओचं वाया जाणारं पाणी घातलं तर चालेल का?

तेवढं सोडून काहीही घाला. आरओ यंत्र पाण्यातले क्षार गाळून त्या वाया जाणाऱ्या पाण्यात सोडतं, म्हणजे ते बोअरच्या पाण्याहूनही खारट झालेलं असतं. त्याने फरशी पुसा.

पांढरा थर क्षारांचा आहे. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि एसीत माती वरून लवकर सुकते म्हणून थर आणखी लवकर दिसतो. ड्रासीना आणि स्पायडर प्लांट या दोघांनाही क्षार आणि फ्लोराइड सोसत नाहीत. टोकं करपतात त्याचं कारण हेच. करपलेला भाग कात्रीने पानाच्या आकारात कापा, पण थोडी तपकिरी कड राहू द्या. हिरव्यात कापलं की करप पुन्हा पुढे सरकते.

वरचा थर अर्धा इंच खरवडून टाका. मग कुंडी बाहेर नेऊन तिच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी हळूहळू वरून ओता. आठ इंची कुंडीत साधारण पाच लिटर माती असते, तिला दहा लिटर. यासाठी पावसाचं किंवा महानगरपालिकेच्या नळाचं पाणी वापरा. ते खालून सगळं वाहून जाऊ द्या, ताटलीत साचलेलं ओतून द्या. हे तीन महिन्यांतून एकदा करा.

रोजच्यासाठी एसीच्या नळीतून पडणारं पाणी उत्तम. हवेतली वाफ थंड होऊन ते तयार होतं, त्यात क्षार जवळपास नसतात. बोअरच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळून मातीत घाला. मात्र हेच पाणी पानांवर फवारू नका, एसीच्या ट्रेमध्ये जंतू वाढतात आणि फवारा माणसांच्या नाकात जातो. एक अडचण आहे : पावसाळ्यात नळी बादलीभर पाणी देते, पण एप्रिलात आपली हवा इतकी कोरडी की थेंब मुश्किलीने पडतो. तेव्हा दोन कॅन आधीच झाकून साठवा.

कुंडीत शेतातली काळी माती भरली असेल तर तीही बदला. काळी माती ओली असताना हवा अडवते आणि सुकली की कुंडीच्या कडेने भेग पाडते. पाणी त्या भेगेतून सरळ खाली जातं, मूळ कोरडंच राहतं. मिश्रण असं करा : दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग लाल माती, एक भाग गांडूळखत, एक भाग पेरलाइट किंवा जाड वाळू. 650 ग्रॅमची कोकोपीटची वीट भिजून आठ लिटरपर्यंत फुगते. ती दोन पाण्यांतून पिळून घ्या, नारळाच्या काथ्यातही मीठ असतं.

प्रश्न : आमच्या अभ्यासिकेत टेबलांवर बाटल्यांत मनीप्लांट आहेत. आता चिलटं आणि डास दोन्ही झालेत. वाचताना तोंडावर येतात. मुलं म्हणतात, फेकून द्या.

दोन वेगळे किडे आहेत, उपायही वेगळे.

डासांचं आधी, कारण ते जास्त गंभीर. डेंग्यू पसरवणारा एडिस डास असल्याच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आपल्या उकाड्यात आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक ठरलेला वार पाळा. त्या दिवशी पाणी तर बदलाच, पण बाटली आतून ब्रशने घासा. अंडी काचेला, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर चिकटलेली असतात आणि सुकूनही कित्येक महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून पुन्हा भरलं तर तीच अंडी फुटतात. बहुतेक ठिकाणी इथेच गडबड होते. बाटलीच्या तोंडाला वेलीभोवती कापूस घट्ट बसवा. कुंड्यांच्या ताटल्या आणि कूलरची टाकीही त्याच वारी कोरडी करायची. एवढं करणारं कोणी नसेल तर मुलांचं खरं आहे, बाटल्या फेका आणि वेल मातीत लावा.

चिलटं मात्र बाटल्यांतून नाही, कुंड्यांच्या मातीतून येतात. त्यांच्या अळ्या वरच्या इंचभर ओल्या थरात कुजलेला पाला आणि बुरशी खातात. चावत नाहीत, पण पुस्तकाच्या पानावर नजर ठेवून बसलेल्याला वेड लावतात. वरचा दीड इंच थर पूर्ण सुकेपर्यंत पाणी बंद करा आणि नंतर खालून, ताटलीतून पाणी द्या. अर्धा तास, मग उरलेलं ओता. मातीवर अर्धा इंच जाड वाळू पसरा. कुंडीत पिवळं चिकट कार्ड खोचा, उडणारी चिलटं त्यावर अडकतात. कार्ड अळ्या मारत नाही, म्हणून नुसत्या कार्डावर भागत नाही. चक्र तीन ते चार आठवड्यांचं असतं, तेव्हा महिनाभर धीर धरा. आणि एक विनंती : चहाचा उरलेला कप कुंडीत ओतायची सवय बंद करा. साखर-दुधाने बुरशी वाढते आणि चिलटांना मेजवानी मिळते.

अभ्यासिकेला झेडझेड सगळ्यात बरं. महिन्यातून दोनदा पाणी, माती जवळजवळ कायम कोरडी, त्यामुळे चिलटांना थारा नाही.

प्रश्न : टॉवेलच्या शिलाई विभागात चाळीस बायका काम करतात. तिथे झाडं ठेवली तर कापसाची धूळ कमी होईल का?

धूळ कमी होणार नाही. पानावर थोडी बसते एवढंच, आणि ती बसली की पानाचा उजेड अडतो. तंतूंची धूळ हा श्वासाचा प्रश्न आहे. तिला यंत्राजवळून ओढून घेणारी व्यवस्था, ओल्या पोछाने किंवा व्हॅक्यूमने सफाई आणि तोंडाला मास्क लागतो. झाडू मारून धूळ उडवणं तर बंदच करा. झाडं आणून या खर्चातून सुटका होते असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

तरी झाडं ठेवा. दिवसभर सुईखालच्या एकाच पांढऱ्या पट्टीकडे बघणाऱ्या डोळ्याला लांबचं हिरवं दिसणं गरजेचं आहे. रॉजर उलरिच यांचा 1984 चा प्रसिद्ध अभ्यास इस्पितळातला आहे : ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते शस्त्रक्रियेनंतर विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली. कारखाना म्हणजे इस्पितळ नव्हे, पण यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे, झाड खिडकीबाहेर असलं तरी चालतं. आवारात कडुनिंब असेल तर मशिनची रांग त्या बाजूला तोंड करून फिरवता येते का, ते आधी बघा. त्याला ना पाणी घालायला लागतं ना पुसायला.

आत ठेवायचीच असतील तर मशिनपासून किमान सहा फूट लांब, भिंतीच्या कडेला आणि डबा खायच्या जागेत. गुळगुळीत रुंद पानांची निवडा, म्हणजे रबर प्लांट, झेडझेड, ॲग्लोनेमा. फर्न किंवा लव असलेली पानं नकोत, तंतू त्यात गुंततात. दर आठवड्याला ओल्या फडक्याने, पानाखाली हात धरून पुसा. चकाकीसाठी खोबरेल तेल लावतात, ते लावू नका. तेलावर तंतू असे बसतात की मग निघत नाहीत. पांढऱ्या मालाच्या ढिगाजवळ कुंडी ठेवू नका. लाल मातीचा एक डाग पडला की अख्खा गठ्ठा परत येतो.

प्रश्न : पानांखाली कापसासारखं काहीतरी चिकटतं, खाली टेबल चिकट होतं.

पिठ्या ढेकूण. डाळिंबवाल्या घरातलं कोणी ऑफिसात असेल तर त्याला दाखवा, लगेच ओळखेल. ती कुंडी आधी बाकीच्यांपासून वेगळी करा. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून प्रत्येक किडा टिपून काढा, पानाच्या बेचक्यात विशेष. मग लिटरभर कोमट पाण्यात 5 मिलि कडुनिंबाचं तेल आणि 2 मिलि द्रवरूप साबण घुसळून फवारा. आठवड्याच्या अंतराने तीन वेळा. फवारणी शुक्रवारी संध्याकाळी, बाहेर गॅलरीत. भर दुपारी एसी हॉलमध्ये नीमतेल फवारलं तर त्या वासाने लोक झाडाचे कायमचे वैरी होतात.

प्रश्न : एकाला शिंका येतात, एकीला वास्तुशास्त्राप्रमाणे आग्नेयेला झाड हवंय, साहेबांना सगळीकडे सारख्या पांढऱ्या कुंड्या हव्यात. शेवटी पाणी मात्र कोणीच घालत नाही, नाहीतर सगळेच घालतात. काय करावं?

साहेबांना सांगा, एकसारख्या कुंड्यांचा हट्ट महागात पडतो. नाइट आणि हॅस्लम या मानसशास्त्रज्ञांनी 2010 मध्ये दाखवलं की झाडं-चित्रं असलेल्या ऑफिसात उघड्याबोडक्या ऑफिसपेक्षा काम बरं होतं आणि मांडणी लोकांनी स्वतः केली तर त्याहूनही बरं. पण लोकांनी केलेली मांडणी वरिष्ठांनी येऊन बदलली की मिळालेला फायदा निघून गेला. आग्नेयेला उजेड असेल तर बाईंची कुंडी खुशाल आग्नेयेला ठेवा, झाडाला दिशेचं वावडं नाही. फक्त एसीचा झोत थेट येत नाही एवढं पाहा, थंड कोरड्या वाऱ्याने पानांच्या कडा वाळतात.

शिंकांचं मनावर घ्या. फिकस, म्हणजे वीपिंग फिग, याच्या चिकाची काहींना ॲलर्जी असते. मातीवरची पांढरी बुरशी दमेकऱ्याला त्रास देते. त्या माणसाच्या शेजारची कुंडी पंधरा दिवस हलवून बघा. फरक पडला तर तिथे झाड नकोच. डिफेनबेकिया आणि पीस लिलीचं पान चावलं तर तोंडाची आग होते. ऑफिसात लहान मुलं येत असतील तर ती उंचावर ठेवा.

पाण्यासाठी प्रत्येक कुंडीला एकच माणूस. कुंडीवर चिकटपट्टीने त्याचं नाव आणि शेवटच्या पाण्याची तारीख लिहा. वारावर पाणी घालू नका. बोट दोन इंच खुपसा, कोरडं लागलं तरच घाला, आणि घालाल तेव्हा खालून निथळेपर्यंत. आठ इंची कुंडीला अर्धा लिटर पुरतं. एसीत पीस लिलीला साधारण आठवड्याने, स्नेक प्लांटला तीन आठवड्यांनी लागतं. रोज कपभर शिंपडलं तर वरची माती ओली, खालचं मूळ तहानलेलं, असं होतं. आणि पान गळायला लागलं की जो तो आणखी एक कप ओततो.

प्रश्न : दिवाळीत आणि गड्ड्याच्या यात्रेला ऑफिस चार-पाच दिवस बंद. तेव्हा?

झेडझेड, स्नेक, रबर यांना काही नको. पीस लिली आणि अरेकासाठी वात लावा. टॉवेलच्या कातरणीची बोटभर रुंद, दोन फूट लांब पट्टी आधी पूर्ण भिजवा. एक टोक मातीत तीन इंच खोल दाबा, दुसरं कुंडीशेजारच्या बादलीच्या तळाला टेकवा. कोरडी पट्टी पाणी ओढत नाही, म्हणून भिजवणं विसरू नका. आठ इंची कुंडीमागे दीड लिटर धरा. बादलीवर झाकण ठेवून फक्त पट्टीपुरती फट ठेवा, डासांचं वर लिहिलंच आहे. सुट्टीच्या दोन दिवस आधी लावून बघा. माती चिखल झाली तर पट्टी अरुंद करा, कोरडीच राहिली तर बादली विटेवर ठेवून उंच करा. परतल्यावर पट्टी काढून टाका, सुती कापड मातीत कुजतं.